निघालेला माणूस आणि पिवळा जॅमर

गेटच्या पायरीवर दुधाची एक पिशवी पडली होती. कोणाची, ते दुपारपर्यंत कोणी विचारलं नाही, आणि दुपारनंतर विचारण्यासारखं तिच्यात काही उरलं नाही.

अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत दिव्याच्या प्रत्येक खांबाला नंबर होता. बल्ब गेला की खांबाचा नंबर लिहून अर्ज द्यायचा. अर्ज दिला की बल्ब यायचा. महेंद्र तांब्यांचं सगळं लहानपण या उजेडात गेलं.

निघालेल्या माणसाने पुन्हा घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, असं फुफी म्हणायची.

हेदवीला मोबाइलला रेंज नव्हती.

सुमोच्या मागच्या दाराला स्टेपनी लावलेली असते. ती टायर म्हणून असते की शोभेला, हे ड्रायव्हरशिवाय कोणालाच ठाऊक नसतं.

'लावणारा आणि काढणारा एक नको.' हे वाक्य तांब्यांचं. सोसायटीच्या सभेत ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं होतं. टाळ्या सभा संपल्याबद्दल होत्या असं विमला म्हणते, पण ती त्यांची बायको आहे.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी ही सगळी मंडळी, म्हणजे दूध, दिव्याचा खांब, फुफी, हेदवी, स्टेपनी आणि ते वाक्य, सोसायटीच्या गेटात एकमेकांना येऊन धडकली.

*

आधी जॅमर. रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही तीन मजल्यांची सोसायटी. समोर मंगल कार्यालय. लग्न असलं की वऱ्हाडाच्या गाड्या थेट गेटला आडव्या लागायच्या. आतल्या माणसाला बाहेर पडायचं तर कार्यालयात जाऊन, पंगतीतून फिरून, गाडीचा मालक हुडकायला लागायचा. या शोधात सोसायटीतले काही सभासद दोन-दोनदा जेवून आले होते, पण तक्रार म्हणून ती गोष्ट सभेत आलीच.

सेक्रेटरी तांबे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. त्यांनी 'गाड्या लावू नये' असा बोर्ड लावला. लोकांनी बोर्डाला टेकून मोटारसायकली लावल्या. तेव्हा तांब्यांच्या समोरच्या दारातल्या फारुक सोलकरने, जो तेव्हा कुवेतहून सुट्टीवर आला होता, सांगितलं की तिकडे चाकाला पिवळं लोखंड अडकवतात, माणूस आपोआप नरम होतो. पुढच्या खेपेला तो ते लोखंड घेऊनच आला. विमानतळावर त्याची बॅग उघडली गेली. हे सोनं नाही, टेप नाही, टीव्ही नाही, मग आहे काय, यावर तिथे बराच खल झाला. फारुकने सांगितलं, सोसायटीचं आहे. 'सोसायटी' म्हटल्यावर कोणीच पुढे काही विचारलं नाही.

जॅमर आला तसे नियमही आले. तांब्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिले. खात्यात बिल पास करणारा आणि पैसे देणारा एक नसतो, त्याच धर्तीवर, जॅमर लावणार सेक्रेटरी आणि काढणार चेअरमन. चेअरमन होत्या गोदाताई शिवलकर, निवृत्त नर्स. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या तांब्यांनी त्यांच्या हवाली केल्या आणि पोच घेतली. गोदाताईंनी त्या पर्समध्ये टाकल्या.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. खासगी सोसायटीला असं काही लावायला परवानगी लागते का, अशी विचारणा त्यांनी वरच्या ऑफिसला लेखी केली. न विचारता कोणी काही बोललं नसतं, असं सोसायटीतल्या वकिलांचं मत पडलं. पण न विचारता तांब्यांना झोप लागली नसती.

आता एक गोष्ट नियमांत नव्हती. गोदाताई सारख्या कुठेतरी देवाला जायच्या. मग वऱ्हाडातल्या कोणा म्हाताऱ्याला चक्कर आली, कोणाची गाडी खोळंबली, की तांब्यांचा जीव कासावीस व्हायचा. म्हणून ते जॅमर लावायचे आणि कुलूप नुसतं अडकवून ठेवायचे. दाबायचे नाहीत. मालक आला की त्याला भरपूर ऐकवायचे, मग खिशात हात घालून किल्ली काढल्यासारखं करायचे आणि कुलूप अलगद उचलून घ्यायचे. कायदाही राहायचा आणि माणूसही जायचा. ही गोष्ट विमलाला माहीत होती. विमलाला माहीत म्हणजे समोरच्या दारात फारुकच्या बायकोला, नसीमाला माहीत.

*

फारुक या वेळी सुट्टीवर आलेला नव्हता. त्याची कुवेतची कंपनी बंद पडली होती, आणि तो वर्षभराहून जास्त घरी होता. घरी म्हणजे मुंबईत, एजंटांच्या पायऱ्यांवर. अधूनमधून रत्नागिरीला येऊन मुलीला, आयातला, तिची इयत्ता विचारायचा आणि पुन्हा जायचा. शेवटी एकदाचा व्हिसा आला. पहाटेचं विमान, आणि ठरल्या दिवशी हजर झाला नाही तर व्हिसा रद्द. दुसरा येईल असं एजंटही म्हणत नव्हता.

निरोपाला पाहुणे आदल्या संध्याकाळीच आले होते. त्यांच्या गाड्या आत, फणसाच्या सावलीला. मुंबईला न्यायची सुमो उमेरची, फारुकच्या मामेभावाची. तो अंधारात आला, गेटला आडवी गाडी लावली आणि गच्चीवर जाऊन झोपला. उजाडताना तांबे मांडवीपर्यंत चालायला निघाले, तर गेटला अनोळखी सुमो. त्यांना वाटलं, वऱ्हाड. त्यांनी रस्त्याकडच्या पुढच्या चाकाला जॅमर घातला, सवयीप्रमाणे कुलूप नुसतं अडकवलं आणि पुढे गेले. त्यांची पाठ वळल्यावर नसीमा दुधाला खाली उतरली.

मांडवीहून तांबे परस्पर बसस्टँडवर पेपर घ्यायला गेले, घरी येऊन अंघोळ करून ऑफिसला गेले आणि दुपारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, अर्ध्या दिवसाची रजा टाकून निरोपाला आले. तेव्हा त्यांना कळलं की ती सुमो वऱ्हाडाची नव्हे. ते जरासे ओशाळले, पण घाबरले नाहीत. कुलूप अडकवलेलंच होतं. फारुक गाडीत बसला की एका हाताने उचलून टाकू. उलट सगळ्यांसमोर जरा बरंच दिसेल.

वर दुआ झाली. फुफीने, म्हणजे फारुकच्या आत्याने, त्याच्या दंडावर प्रवासाच्या राखणीसाठी हिरव्या कापडात शिवलेलं नाणं बांधलं. डोक्यावर धरलेल्या कुराणाखालून तो बाहेर पडला. बायका रडल्या. फुफी एवढी रडली की तिला पाणी द्यायला लागलं. फारुक मागे न बघता जिना उतरला. सामान आधीच गाडीच्या टपावर आवळलेलं होतं. त्यात फारुकचं कमी आणि कुवेतमधल्या इतर रत्नागिरीकरांचं जास्त: सुकी सुरमई, लोणचं, कोणाच्या तरी चष्म्याची काच. उमेरने चावी फिरवली. गाडी थरथरली आणि तिथेच राहिली.

"एक मिनिट," तांबे म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत चाकापाशी गेले. खिशात हात घातला. कुलूप उचललं.

कुलूप उचललं गेलं नाही.

त्यांनी ते हलवलं. ओढलं. मग वाकून बघितलं. बसलेलं होतं.

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. विमला शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मी दाबलं नव्हतं गो."

"मग जॅमरने आपला आपण दाबून घेतलान काय?" विमला म्हणाली.

*

गोदाताई हेदवीला. दशभुजा गणपतीच्या दर्शनाला सकाळच्या एसटीने गेलेल्या, पर्ससकट. मोबाइल लागत नव्हता. पलीकडून एक बाई 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' एवढंच पुनःपुन्हा सांगत होती, आणि तांबे तिला प्रत्येक वेळी "बरं" म्हणत होते.

दुसरी गाडी घ्यावी, तर सगळ्या गाड्या आत होत्या आणि गेटला सुमो. भाड्याच्या गाड्या लग्नसराईत गेलेल्या. गेट मोकळं ठेवायला आणलेल्या वस्तूनेच गेट बंद केलं होतं. कार्यालयातली एखादी गाडी मागावी, तर तांब्यांचं तिथे तोंड दाखवण्यासारखं नातं नव्हतं. एसटी होती, पण एवढं सामान, आणि रात्रीची गाडी मुंबईत शिरायच्या आत विमान वर गेलेलं असतं.

एवढ्यात पोस्टमन आला. सुमोमुळे सायकल आत येईना, म्हणून त्याने बोनेटवरूनच एक लिफाफा तांब्यांच्या हातात दिला. वरचं ऑफिस. वर्षभराने उत्तर.

तांब्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

'खासगी संस्थांनी वाहनांच्या चाकांस अडकाव साधने लावण्याबाबतचे धोरण विचाराधीन आहे. तोपर्यंत सद्यस्थितीत लावलेली साधने जैसे थे ठेवावीत. नव्याने लावू नयेत.'

पत्र मिळालं त्या घटकेला एक साधन लावलेलं होतं.

तेवढ्यात फारुकचा भाऊ अरशद नाक्यावरून वेल्डरला घेऊन आला. वेल्डरने गॅस कटर आणला होता आणि तो जॅमरकडे प्रेमाने बघत होता. तांबे आडवे आले. तसं तर पत्र त्यांच्या खिशात होतं, अजून कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि सांगितलं नसतं तर काही बिघडत नव्हतं. पण त्यांनी पत्र काढून सगळ्यांना वाचून दाखवलं. सरकारी नोकरी, बढतीचा प्रस्ताव वर गेलेला, त्यात अलोऱ्याचं लहानपण.

वकील पहिल्या मजल्यावरून बनियनवर उतरले. त्यांनी पत्र उजेडात धरलं, उलटं करून मागचा कोरा भागही वाचला आणि मत दिलं की तोडणं म्हणजे जैसे थे नव्हे. किल्लीने काढणं म्हणजेही नव्हे. मात्र मुळात न लावणं जैसे थे झालं असतं, पण त्याला उशीर झाला होता. कोणी म्हणालं चाकातली हवा सोडा, जॅमर ढिला होईल. सोडली. गाडी एका बाजूला बसली आणि जॅमर आणखी घट्ट झाला. कोणी तेल आणलं, कुलपात ओतलं. कोणी केसातली पिन आणली, ती आत मोडली. आता गोदाताई आल्या असत्या तरी किल्ली शिरली नसती.

शेवटी चौकातल्या हवालदाराला आणलं. तो माणूस शांत होता. सुमोभोवती एक फेरी मारली, पत्र वाचलं, चहा घेतला.

"लावायचा अधिकार तुम्हाला नाय," तो म्हणाला. "काढायचा आम्हाला नाय. आमचा असता तर आम्ही काढला असता."

"मग कोणी काढायचा?" तांब्यांनी विचारलं.

"ते धोरण ठरलं की कळेल."

त्याच्या बोलण्यात कुठे चूक आहे हे तांबे शोधत राहिले. सापडली नाही. यानेच ते जास्त गोंधळले.

*

मधल्या काळात फारुक कंपाउंडात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. नवीन शर्ट, दंडाला नाणं, छातीशी पासपोर्टची पिशवी. ऊन रणरणत होतं. त्याला वर जाऊन पाच मिनिटं पंख्याखाली बसायचं होतं, पण फुफी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली.

"गेलेला माणूस घरात येत नाय," तिने सांगितलं.

"फुफी, मी गेलोच कुठे?"

"दुआ झाली. रडून झालं. तू गेलास."

बरं, ज्यांनी रडून निरोप दिला होता तेही अवघडले होते. समोरच बसलेल्या माणसाशी काय बोलायचं? पुन्हा रडावं तर लवकर वाटत होतं. 'पोचलास की फोन कर' हे सांगून झालं होतं. एक चुलता येता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि सुस्कारा टाकायचा. तिसऱ्या खेपेला फारुकने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

तांब्यांना ते बघवेना. या माणसाने त्यांच्यासाठी विमानातून लोखंड वाहून आणलं होतं, आणि ते त्याच्याच पायात अडकवून ते स्वतः पत्र धरून उभे होते. ते फुफीकडे गेले आणि अर्ज सादर करावा तसं विचारलं की माझं घर चालेल काय. फुफीने विचार केला. दुसऱ्याच्या घराला हरकत नव्हती. फक्त जिन्यावर समोरचं दार दिसता कामा नये, म्हणून सोलकरांचं दार ओढून घेण्यात आलं, आणि फारुक आपल्याच बंद दारावरून, डोळे खाली घालून, तांब्यांच्या घरात शिरला.

तिथे पंखा होता. विमलाने फणस फोडला. आयात शाळेच्या सुट्टीतलं सगळं भांडार घेऊन आली: शिंपले, एक मोडका कंपास, साप-शिडी. नसीमा आधी दारात उभी राहिली, मग उंबऱ्यावर बसली, मग आत येऊन गरे सोलायला लागली. फारुक साप-शिडीत हरत होता आणि आयातला फसवून जिंकायचा प्रयत्न करत होता. या वर्षभरात त्या घराने त्याला इतका वेळ बसलेला पाहिला नव्हता. थोड्या वेळाने तो तांब्यांच्या खाटेवर आडवा झाला, मुलगी त्याच्या दंडावर, बरोबर त्या नाण्यावर डोकं ठेवून.

चहाच्या वेळी नसीमाने विमलाकडे दूध मागितलं.

"सकाळी गेली होतीस ना दुधाला?"

"गेले होते खरी," नसीमा म्हणाली, आणि गरे सोलत राहिली.

तांबे मात्र आत-बाहेर करत होते. मुंबई-गोवा रस्ता, दोन घाट, पनवेलची गर्दी. घड्याळाकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. सावली फणसाच्या बुंध्यापासून भिंतीपर्यंत गेली, तेवढं पुरे होतं. आणखी एक सावली सरकली की निघण्यातही अर्थ राहणार नव्हता. "मी दाबलं नव्हतं," असं ते मधेच कोणालाही सांगायचे. लोक "हो हो" म्हणायचे, आजाऱ्याला म्हणतात तसं.

मग विमलाने ते पत्र हातात घेतलं. तिने ते मोठ्याने वाचलं नाही. चहा गाळता गाळता वाचलं.

"हे जैसे थे कोणाला सांगितलंय?" तिने विचारलं. "जॅमरला ना? मग राहू दे जॅमर. चाकही राहू दे त्याच्याबरोबर. गाडीला कुठे सांगितलंय?"

तांब्यांनी पत्र घेतलं. 'लावलेली साधने.' साधने. वाहने नव्हे. वकिलांना हाक मारली. वकिलांनी वाचलं आणि म्हणाले, हेच मी सांगणार होतो.

सगळे खाली धावले. हा जॅमर चाकाला पुढून-मागून धरणारा, चाकाचे नट झाकलेले नव्हते. चाक जॅमरसकट उतरवायचं, स्टेपनी लावायची. एवढी साधी गोष्ट ड्रायव्हरला कशी सुचली नाही, म्हणून सगळ्यांनी उमेरकडे बघितलं. उमेर फणसाकडे बघत होता.

"स्टेपनीत हवा नाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मागच्या मोहरमपासून."

या स्टेपनीवर तो फारुकला दोन घाट उतरवणार होता. अरशद काहीतरी बोलणार होता, पण फुफी समोर होती.

स्टेपनी गडगडवत पंक्चरवाल्याकडे नेली. जुम्म्यासाठी बंद केलेलं दुकान त्याने पुन्हा उघडलं होतं. ट्यूब पाण्यात धरली तर बुडबुडे असे आले की त्याने दुसऱ्या पंक्चरचा शोध घेणंच सोडलं आणि ट्यूबच नवीन घातली. चाक उतरलं. जॅमर चाकाला, चाक फणसाच्या बुंध्याला टेकून, जैसे थे. तांब्यांनी त्याच्यावर पत्राची झेरॉक्स चिकटवली.

*

दुसऱ्यांदा निघताना रडणं झालं नाही. निम्मे पाहुणे झोपले होते. फुफीने सांगून टाकलं की मघाचं रडणं धरून चालेल. फारुक तांब्यांच्या दारातून बाहेर पडला. आपलं बंद दार त्याने या वेळी डोळे वर करून बघितलं, फुफीचं लक्ष नव्हतं. आयात गेटपर्यंत आली. तिला कडेवर घेऊन तो सुमोच्या दारापर्यंत गेला.

"महेंद्रभाई," तो गाडीत बसताना म्हणाला, "घर बघा."

"ते जैसे थे राहील," तांबे म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं, वेगळं काहीतरी म्हणायला हवं होतं.

नसीमा गॅलरीत होती. सुमो वळणावर दिसेनाशी झाली तरी ती आत गेली नाही. खाली पायरीवर ती दुधाची पिशवी फुगून बसली होती. शेवटी कोणीतरी ती नाक धरून कचऱ्यात टाकली.

विमान फारुकला मिळालं. धावत मिळालं. लोणच्याची बरणी विमानतळावर फुटली, चष्म्याची काच वाचली. पहिल्या शुक्रवारी त्याचा फोन आला, तोही तांब्यांकडेच, कारण नसीमाकडे फोन नव्हता. आधी तो तांब्यांशीच बोलला. म्हणाला, नोकरी ठीक आहे, खोलीत आठ माणसं आहेत, आणि डोळे मिटले की तुमचा पंखा दिसतो. मग नसीमा आली. तिने रिसीव्हर घेतला आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली, मधे एकदा हसली.

गोदाताई हेदवीहून प्रसाद घेऊन आल्या. पिन मोडलेल्या कुलपात किल्ली शिरली नाही. त्यांनी तेवढ्याने हात टेकले आणि पोच परत मागितली. उमेरने चाकासाठी दोनदा निरोप पाठवला. तांब्यांनी धोरणाबाबत स्मरणपत्र पाठवलं. पावसाळा आला, चाकात पाणी साठलं, त्यात बेडकाची पिल्लं झाली, आणि आयात त्यांना एकेक नाव देऊ लागली.

रात्री झोपताना तांबे अजूनही कधी कधी अंगठा पुढे करून बघतात. कुलूप धरल्यासारखा. "विमल, शपथेवर सांगतो, मी दाबलं नव्हतं."

विमला कूस बदलते. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, हा वेगळा विषय.

त्या शुक्रवारी उजाडताना नसीमाने दुधाची पिशवी गेटच्या पायरीवर ठेवली, सुमोच्या चाकापाशी बसून कुलूप दोन्ही हातांनी दाबलं, आणि पिशवी तिथेच विसरून ती वर गेली.